खपल्या, पण कसाला उतरल्या नाहीत : सत्तरच्या दशकातील अमेरिकी मोटारी

मराठी वाचकाच्या मनातली अमेरिकी मोटार बहुधा जुन्या मुंबईतली असते. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 पासून चालू होता आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. लांबरुंद, जाड पत्र्याची, वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून राबवली तरी न थकणारी गाडी, ही प्रतिमा तिथून आली. पुढे आयातीवर कडक निर्बंध आले, त्यामुळे 1970 नंतर डेट्रॉइटमध्ये, म्हणजे अमेरिकी मोटार उद्योगाच्या राजधानीत, तयार झालेल्या गाड्या आपल्याकडे जवळजवळ दिसल्याच नाहीत. अमेरिकेत मात्र त्या पिढीतल्या काही गाड्यांची नावे आजही लोक नाक मुरडून घेतात : शेव्हरोले व्हेगा, फोर्ड पिंटो, एएमसी ग्रेमलिन, एएमसी पेसर, फोर्ड मस्टँग टू. जगातला सर्वांत श्रीमंत आणि अनुभवी मोटार उद्योग एका संपूर्ण दशकात इतक्या चुका कशा करू शकला, हा प्रश्न तांत्रिक, आर्थिक आणि कायदेशीर अशा तिन्ही अंगांनी गुंतागुंतीचा आहे, आणि तो सावकाश उलगडून पाहण्यासारखा आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. या गाड्या खपल्या नाहीत म्हणून नावडत्या ठरल्या, असे नाही. पिंटो 30 लाखांहून अधिक विकली गेली, व्हेगाचा आकडा 20 लाखांच्या आसपास पोहोचला, आणि मस्टँग टूने पहिल्याच वर्षी 3 लाख 85 हजारांचा पल्ला गाठला. मोटारविषयक मासिकांनी यांतल्या काहींना वर्षातील सर्वोत्तम गाडी म्हणून गौरवलेही होते. लोकांनी त्या आनंदाने विकत घेतल्या, दोन-तीन वर्षे वापरल्या आणि मग त्यांचे मन विटले. म्हणजे ही नावड न पाहता, न वापरता तयार झालेली नव्हती. ती अनुभवातून आलेली होती, आणि म्हणूनच ती इतकी टिकली. ज्या गाडीकडे ग्राहक फिरकतच नाही तिच्यामुळे कंपनीचे पैसे बुडतात. जी गाडी ग्राहक विश्वासाने घरी आणतो आणि जी त्याला भर रस्त्यात दगा देते तिच्यामुळे पुढची गाडी विकण्याचा अधिकारच जातो. डेट्रॉइटने सत्तरच्या दशकात गमावले ते हे दुसरे.

या घसरणीची पार्श्वभूमी अशी. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन मोठ्या कंपन्यांचे गणित मोठ्या गाडीवर उभे होते. लहान गाडी बनवायला मोठ्या गाडीपेक्षा फारसा कमी खर्च येत नाही, कारण इंजिन, गिअरबॉक्स, दारे, काचा, मजुरी हे सगळे दोन्हीकडे लागतेच. पण लहान गाडीची किंमत मात्र बरीच कमी ठेवावी लागते. त्यामुळे नफा मोठ्या गाडीत होता आणि लहान गाडीकडे कंपन्या नाइलाज म्हणून पाहत. दुसरीकडे 1968 मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगनने एका वर्षात 4 लाखांवर बीटल अमेरिकेत विकल्या आणि पाठोपाठ टोयोटा, डॅटसन यांनी पाय रोवायला सुरुवात केली. आता लहान गाडी बनवणे भाग होते. ती बनवायची तर स्वस्त हवी, आणि स्पर्धक पुढे निघून जाण्याआधी झटपट हवी.

त्याच वेळी तीन मागण्या एकापाठोपाठ येऊन धडकल्या. पहिली हवेची. 1970 च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारीच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड 1975 पर्यंत आणि नायट्रोजनची ऑक्साइडे 1976 पर्यंत सुमारे 90 टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. या मुदती नंतर पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा बदलली नाही. दुसरी मागणी सुरक्षिततेची. 1973 च्या गाड्यांपासून पुढचा बंपर ताशी 5 मैल, म्हणजे सुमारे 8 किलोमीटर वेगाची धडक दिवे वगैरेंना इजा न होता सोसेल इतका दणकट हवा, असा नियम आला. पुढच्या वर्षी तो मागच्या बंपरलाही पूर्णपणे लागू झाला. मूळ आराखड्यात ज्याचा विचारच नव्हता असे जाड, जड, पुढे आलेले बंपर जुन्या नाजूक ढाच्यांना चिकटवले गेले. तिसरी मागणी इंधनाची. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला, पिंपामागे सुमारे 3 डॉलर असलेला तेलाचा भाव काही महिन्यांत 12 डॉलरच्या जवळ गेला, पंपांवर रांगा लागल्या आणि जानेवारी 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली.

या तीन मागण्या एकमेकींशी भांडत होत्या, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. दणकट बंपरने वजन वाढते आणि वजन वाढले की गाडी पेट्रोल जास्त पिते. धूर कमी करण्याचे तेव्हाचे उपाय इंजिनाची कार्यक्षमता कमी करत, म्हणजे पुन्हा पेट्रोल जास्त. एका मागणीसाठी केलेली दुरुस्ती दुसरीच्या मुळावर येत होती.

धुराचे प्रकरण जरा खोलात पाहू. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटवण्यापूर्वी पिस्टन ते सिलिंडरमध्ये दाबून लहान जागेत कोंबतो. ते जितके अधिक दाबले जाईल तितकी त्याच पेट्रोलातून अधिक ताकद मिळते. पण फार दाबले की मिश्रण ठिणगीची वाट न पाहता वेड्यावाकड्या रीतीने पेटते आणि इंजिनात ठकठक ऐकू येते. हे टाळण्यासाठी पेट्रोलात शिशाचे एक संयुग मिसळले जाई. धूर शुद्ध करण्यासाठी जे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचे होते त्याला हे शिसे विषासारखे होते. थोड्याच टाक्यांत ते निकामी झाले असते. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, आणि त्यावर चालण्यासाठी जनरल मोटर्सने 1971 पासूनच आपल्या इंजिनांचा दाब कमी करून टाकला. 1975 मध्ये बहुतेक अमेरिकी गाड्यांत कन्व्हर्टर बसले. मधल्या तीन-चार वर्षांत मात्र कन्व्हर्टरविना धूर कमी करण्यासाठी जुन्याच इंजिनांवर ठिगळे लावली गेली : ठिणगीची वेळ मागे सारली, जळालेला थोडा वायू पुन्हा सिलिंडरकडे वळवला, मिश्रणातले पेट्रोल घटवले, बाहेर पडणाऱ्या गरम वायूत पंपाने हवा सोडली. अशी गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुर करी, ॲक्सिलरेटर दाबताच अडखळे, आणि किल्ली बंद केल्यावरही काही क्षण धडधडत राही, कारण तापलेल्या सिलिंडरमध्ये मिश्रण ठिणगीशिवायच पेटत असे. सिग्नलवर बंद पडणारी गाडी हा त्या काळच्या चालकाचा रोजचा अनुभव होता.

इथे अश्वशक्तीच्या आकड्यांचाही घोळ आहे. कॅडिलॅक एल्डोराडोच्या 8.2 लिटर इंजिनाची शक्ती 1970 मध्ये 400 अश्वशक्ती सांगितली जाई आणि 1976 मध्ये 190. निम्म्याहून अधिक ताकद गेली, असे यावरून वाटते, आणि अनेक लेखांत तसे लिहिलेलेही असते. वास्तविक 1972 च्या सुमारास मोजण्याची पद्धतच बदलली. आधी इंजिन टेबलावर एकटे ठेवून, पंखा, सायलेन्सर यांसारखे ताकद खाणारे भाग काढून मोजत. नंतर ते गाडीत जसे बसते तसे सगळ्या जोडण्यांसह मोजू लागले. म्हणजे घट खरी होती, पण त्यातला मोठा भाग केवळ प्रामाणिक मोजमापाचा परिणाम होता. जुने आकडे फुगवलेले होते, हे मान्य केल्याशिवाय या दशकाचा न्याय्य हिशेब मांडता येत नाही.

आता व्हेगाकडे येऊ, कारण या सगळ्या गोष्टीचे सार एकट्या तिच्यात पाहायला मिळते. जनरल मोटर्सने आपल्या शेव्हरोले विभागातून सप्टेंबर 1970 मध्ये ती बाजारात आणली, आणि ती कामचलाऊ गाडी म्हणून आणली नव्हती. परदेशी लहान गाड्यांना उत्तर देण्यासाठी कंपनीने आपले सर्वांत नवे तंत्रज्ञान तिच्यात ओतले होते. तिच्या 2.3 लिटर इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा होता. ॲल्युमिनियम हलके, पण मऊ; पिस्टनच्या घर्षणाने ते लवकर झिजते. म्हणून एरवी ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या जागी बिडाच्या नळ्या, म्हणजे लायनर, बसवतात. व्हेगात ते टाळले. त्याऐवजी सुमारे 17 टक्के सिलिकॉन असलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला. सिलिंडर घासून गुळगुळीत केल्यावर वरचे ॲल्युमिनियम अगदी थोडे झिजवून काढायचे, की सिलिकॉनचे कठीण कण किंचित वर उभे राहतात. पिस्टन त्या कणांवरून घसरतो आणि कणांमधल्या खाचांत ऑइल टिकून राहते. कल्पना खरोखर सुंदर होती.

पण सिलिंडरच्या भिंतींचा वरचा काठ ब्लॉकला जोडलेला नव्हता. भोवती पाणी खेळायला मोकळी जागा होती. सिलिंडरवर झाकणासारखा बसणारा हेड मात्र बिडाचा होता. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. त्यातच रेडिएटर लहान आणि पाणी बेताचे ठेवले होते. पाणी जरा कमी झाले आणि इंजिन एकदा जरी जास्त तापले, तरी सिलिंडर वाकडे होत, हेडखालची सांधपट्टी, म्हणजे गॅस्केट, सुटे, पाणी ऑइलमध्ये उतरे, आणि सिलिकॉनचा तो नाजूक थर कायमचा ओरखडला जाई. शिवाय व्हॉल्व्हची सीले लवकर कडक होऊन ऑइल खाली झिरपू देत. व्हेगा ऑइल पिते आणि निळा धूर ओकते, ही ओळख अशी झाली. गॅरेजवाल्यांनी शोधलेला उपाय बोलका आहे : ते सिलिंडर मोठे करून त्यांत नळ्या बसवून देत, म्हणजे जे आधी टाळले होते तेच नंतर ग्राहकाच्या खर्चाने करत. हाच मिश्रधातू आणि हीच लायनरविना सिलिंडरची रीत 1977 मध्ये पोर्शने 928 या महागड्या गाडीत वापरली आणि तिथे ती नीट चालली. दोष धातूचा नव्हता. त्याच्या भोवतीची व्यवस्था पुरेशी तपासून पाहण्याइतका वेळ दिला गेला नव्हता.

पत्र्याची कथा वेगळी आणि माझ्या मते अधिक वाईट आहे. व्हेगाची बॉडी प्रायमरच्या मोठ्या टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने प्रत्येक कानाकोपऱ्यात रंग पोहोचवायची पद्धत होती. पुढच्या मडगार्डांच्या वरच्या भागात मात्र बुडवताना हवा अडकून राही, त्यामुळे तिथे प्रायमर लागतच नसे. चाकाच्या आतून चिखल अडवणारे अस्तरही खर्च वाचवण्यासाठी गाळले होते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मिठाचे पाणी उघड्या पत्र्यावर साचले, आणि अवघ्या एक-दोन हिवाळ्यांत मडगार्ड आरपार सडू लागले. कंपनीला हजारो गाड्यांचे मडगार्ड फुकट बदलून द्यावे लागले आणि नंतर अस्तर बसवावेच लागले.

व्हेगा जिथे तयार होई तो ओहायो राज्यातल्या लॉर्ड्सटाउनचा कारखाना जगातल्या सर्वांत वेगवान कारखान्यांपैकी एक होता. तासाला सुमारे 100 गाड्या, म्हणजे एका कामगारापुढे एक गाडी अवघी 36 सेकंद. नव्या व्यवस्थापनाने माणसे कमी केली आणि काम तेवढेच ठेवले, तेव्हा तिथल्या बहुतांशी तरुण कामगारांनी मार्च 1972 मध्ये 22 दिवसांचा संप केला. त्या संपाची चर्चा पगारापेक्षा कामाच्या नीरसपणाची आणि वेगाची होती. ज्या माणसाला एक बोल्ट नीट आवळायला आणखी पाच सेकंद हवी आहेत आणि ती मिळत नाहीत, त्याच्या हातून सुटलेली गाडी पुढे कोणाच्या तरी दारात उभी राहते.

तरीही या प्रकल्पातली काही कल्पकता दाद द्यावी अशी होती. रेल्वेच्या एका वाघिणीत एरवी 18 गाड्या मावत. व्हेगासाठी खास वाघिणी बनवल्या, ज्यांत 30 गाड्या नाक खाली करून उभ्या टांगल्या जात. त्यासाठी इंजिनातले ऑइल सांडू नये म्हणून आत आडोसा ठेवला होता, बॅटरीची झाकणे मागच्या कडेला नेली होती आणि काच धुण्याच्या पाण्याची बाटली तिरकी बसवली होती. वाहतुकीसाठी इतका सूक्ष्म विचार आणि मडगार्डात अडकणाऱ्या हवेकडे दुर्लक्ष, हे एकाच कंपनीत एकाच वेळी घडत होते.

पिंटोची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात माणसे मेली. फोर्डचे ली आयाकोका यांनी लक्ष्य ठरवले होते : वजन 2000 पौंडांच्या आत आणि किंमत 2000 डॉलरच्या आत. नवी गाडी तयार करायला तेव्हा साधारण साडेतीन वर्षे लागत. पिंटो सुमारे दोन वर्षांत तयार झाली. इतक्या घाईत आराखडा पूर्ण होण्याआधीच साचे बनवायला घेतले जातात, आणि एकदा साचे बनले की चाचणीत दोष सापडला तरी बदल करणे फार महाग पडते. पिंटोची पेट्रोलची टाकी मागचा ॲक्सल आणि मागचा बंपर यांच्यामध्ये होती. त्या काळात ती जागा नेहमीचीच होती, पण पिंटोत मधली मोकळी जागा फारच कमी होती. मागून जोराची धडक बसली की टाकी पुढे सरकून डिफरन्शिअलच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या डब्याच्या, बाहेर आलेल्या बोल्टांवर आपटे आणि फाटे. पेट्रोल भरण्याची नळी उखडून निघे. आणि सांडलेले पेट्रोल एका ठिणगीने पेटे.

1972 मध्ये कॅलिफोर्नियात एक पिंटो महामार्गावर बंद पडली, मागून तिच्यावर गाडी आदळली, चालक महिला मृत्यू पावली आणि शेजारी बसलेला 13 वर्षांचा मुलगा भयानक भाजला. 1978 मध्ये ज्यूरीने या खटल्यात फोर्डला नुकसानभरपाईखेरीज 12 कोटी 50 लाख डॉलरचा दंड ठोठावला, जो न्यायाधीशांनी पुढे 35 लाखांवर आणला. त्याच वर्षी फोर्डने 1971 ते 1976 मधल्या सुमारे 15 लाख पिंटो आणि तिच्या भावंड मर्क्युरी बॉबकॅट गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती काय होती? टाकी आणि बोल्ट यांच्यामध्ये प्लास्टिकची ढाल आणि भरण्याची नळी थोडी लांब. एवढेच.

या प्रकरणात एका टिपणाचा फार बोलबाला झाला, आणि त्याविषयी नेमके सांगणे मला आवश्यक वाटते. प्रत्येक गाडीमागे 11 डॉलर खर्च करण्यापेक्षा माणसे जळू देणे स्वस्त पडेल असा हिशेब फोर्डने पिंटोबाबत केला, असे सर्रास सांगितले जाते. असे टिपण खरोखर होते, पण ते पिंटोविषयी नव्हते आणि मागून होणाऱ्या धडकेविषयीही नव्हते. गाडी उलटल्यावर पेट्रोल सांडू नये अशा प्रस्तावित नियमाविरुद्ध सरकारी नियामक संस्थेपुढे मांडण्यासाठी ते केले होते आणि त्यात देशातल्या सर्व कंपन्यांच्या वर्षाकाठी विकल्या जाणाऱ्या 1 कोटी 25 लाख गाड्या व हलके ट्रक धरले होते. एका मृत्यूची 2 लाख डॉलर ही किंमतही त्या सरकारी संस्थेच्याच आकड्यांवरून घेतली होती. 180 मृत्यू, 180 जखमी आणि 2100 जळालेल्या गाड्या मिळून 4 कोटी 95 लाख डॉलरचा लाभ आणि 13 कोटी 70 लाखांचा खर्च, असा तो तक्ता होता. शिवाय एकूण अपघाती मृत्यूंच्या प्रमाणात पिंटो तिच्या बरोबरीच्या इतर लहान गाड्यांहून फार वेगळी नव्हती, असे नंतरच्या अभ्यासातून दिसले. यामुळे फोर्ड निर्दोष ठरत नाही. टाकीचा दोष खरा होता, तो कंपनीच्या चाचण्यांत आधीच दिसला होता आणि स्वस्त उपाय उपलब्ध होते. पण लोकांच्या स्मरणात राहिलेली कथा आणि घडलेली गोष्ट यांत फरक आहे, आणि गंभीर आरोप करताना तो फरक सांभाळलाच पाहिजे.

तीन मोठ्यांच्या सावलीत जगणारी अमेरिकन मोटर्स, म्हणजे एएमसी, ही चौथी कंपनी. तिच्याकडे नवी गाडी मुळापासून घडवण्याइतका पैसा नव्हता. म्हणून मुख्य डिझायनर रिचर्ड टीग यांनी कंपनीच्या हॉर्नेट गाडीचा मागचा भाग कापल्यासारखा आराखडा काढला. त्याचे पहिले रेखाटन विमानात उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशवीवर झाले होते. 1 एप्रिल 1970 रोजी आलेली ही ग्रेमलिन दिसायला विचित्र आणि मागे बसायला अडचणीची होती, पण तिचे सहा सिलिंडरचे जुने इंजिन भरवशाचे होते, आणि पावणेसात लाखांच्या आसपास विक्री करून तिने कंपनीला तगवले. या यादीत तिचे नाव घेतले जाते ते केवळ रूपामुळे, आणि मला तो अन्याय वाटतो.

पेसरचे दुर्दैव वेगळे होते. 1975 मध्ये आलेली ही गाडी लांबीने लहान पण मोठ्या गाडीइतकी रुंद होती, बाहेरच्या पृष्ठभागाचा 37 टक्के भाग काचेचा होता, आणि मागे बसणाऱ्याला फुटपाथच्या बाजूने सहज चढता यावे म्हणून तिचे उजवे दार डाव्यापेक्षा 4 इंच लांब केले होते. अमेरिकी लहान गाडीविषयी इतका नवा विचार त्या दशकात दुसऱ्या कोणी केला नाही. परंतु तिचा सगळा पुढचा भाग जनरल मोटर्स बनवत असलेल्या लहानशा रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी गोल फिरणाऱ्या भागावर चालणाऱ्या, इंजिनासाठी आखला होता. ते इंजिन पेट्रोल फार पिते असे दिसल्यावर, तेलाचे भाव भडकलेले असताना, जनरल मोटर्सने 1974 मध्ये ते बाजूला ठेवले. एएमसीने मग आपलेच लांब, बिडाचे, सहा सिलिंडरचे इंजिन त्या जागेत कसेबसे बसवले. त्याचा मागचा भाग पुढच्या काचेखाली गेला आणि मेकॅनिकचा हात तिथे पोहोचेना. गाडी जड झाली, धीमी झाली, पेट्रोल पिऊ लागली, आणि उन्हाळ्यात त्या सगळ्या काचांमुळे आतला माणूस उकडून निघू लागला. पहिल्या वर्षी सुमारे 1 लाख 45 हजार विकली गेलेली पेसर काही वर्षांतच थंडावली आणि 1980 च्या आतबाहेर बंद झाली.

सरकारी नियमांनी अमेरिकी मोटार बिघडवली, असे त्या पिढीतले अनेक चाहते आजही मनापासून मानतात. 1974 च्या गाड्यांत सीटचा पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही अशी सक्तीची व्यवस्था होती आणि लोकांचा संताप इतका झाला की त्याच वर्षी अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ती सक्ती काढून टाकली. असे प्रसंग त्या समजाला बळ देतात. पण होंडाचे उदाहरण समोर ठेवले की हा युक्तिवाद लंगडा पडतो. होंडाने सिलिंडरला जोडून एक छोटी कोठडी केली, तिच्यात पेट्रोलाचे दाट मिश्रण पेटवले आणि त्या ज्योतीने मुख्य सिलिंडरमधले विरळ मिश्रण संपूर्ण जाळले. धूर मुळातच इतका कमी झाला की 1975 ची सिव्हिक कन्व्हर्टरशिवाय नियमात बसली, आणि पेट्रोलही वाचले. ही युक्ती फक्त छोट्या इंजिनाला लागू पडते, असे डेट्रॉइटमध्ये म्हटले गेले, तेव्हा होंडाने शेव्हरोलेचीच 1973 ची व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरची, इम्पाला गाडी घेतली, तिला तशी रचना बसवली आणि ॲन आर्बरच्या सरकारी प्रयोगशाळेत उत्तीर्ण करून दाखवली. नियम दोघांना एकच होते. एकाने त्यांच्यासाठी इंजिनाचा पुन्हा विचार केला, दुसऱ्याने जुन्या इंजिनाला नळ्या जोडल्या.

घाईची सवय दशकाच्या अखेरीलाही सुटली नव्हती. 1975 च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांचे सरासरी ॲव्हरेज 1978 मध्ये गॅलनला 18 मैल आणि 1985 पर्यंत 27.5 मैल, म्हणजे लिटरला सुमारे 7.6 वरून 11.7 किलोमीटर व्हावे असे ठरवले. मोठ्या गाड्या न सोडता हे साधण्यासाठी जनरल मोटर्सने 1978 मध्ये ओल्ड्समोबाइलचे 5.7 लिटर डिझेल इंजिन आणले. डिझेल इंजिनात दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक असतो. ब्लॉक जाड केला होता, पण हेड आवळणाऱ्या बोल्टांची संख्या आणि जागा पेट्रोल इंजिनाच्याच ठेवल्या, कारण कारखान्यातली जुनी यंत्रे तशीच वापरता येत. बोल्ट ताणले गेले, गॅस्केट उडाले. डिझेलमधले पाणी वेगळे करणारा फिल्टरही दिला नव्हता, त्यामुळे महागडे इंजेक्शन पंप गंजले. अमेरिकी ग्राहकाच्या मनातून डिझेलची घरगुती गाडी त्यानंतर कायमची उतरली.

क्रायस्लरने 1976 मध्ये आणलेल्या डॉज ॲस्पेन आणि प्लिमथ व्होलारे यांच्यावर वर्षाच्या सर्वोत्तम गाडीचा मान आणि पुढच्या मडगार्डांचा गंज हे दोन्ही जवळजवळ एकाच वेळी आले. कंपनी इतकी खचली की 1979 च्या अखेरीस तिला वाचवण्यासाठी काँग्रेसला 150 कोटी डॉलरच्या कर्जाची हमी मंजूर करावी लागली. ते कर्ज फेडून कंपनी सावरणारे गृहस्थ होते, फोर्डमधून 1978 मध्ये काढले गेलेले, पिंटोचे तेच ली आयाकोका.

आज यांतली एखादी गाडी अमेरिकेत धडधाकट दिसणे दुर्मीळ झाले आहे, कारण जपून ठेवावी असे त्या काळी कोणाला वाटलेच नाही. लॉर्ड्सटाउनचा कारखाना 2019 मध्ये बंद झाला. या गाड्यांचा एक सुटा भाग मात्र अजून तयार होतो. मस्टँगच्या चाहत्यांनी सर्वांत जास्त बोल लावला तो मस्टँग टूला, कारण ती पिंटोच्या पायावर उभी होती आणि 1974 मध्ये तिला व्ही-8 इंजिन मिळतच नव्हते. पण तिचे पुढचे सस्पेन्शन आटोपशीर होते, त्यात रॅक अँड पिनियन स्टिअरिंग होते, आणि ते कोणत्याही जुन्या गाडीच्या चॅसीखाली नीट बसे. तीसच्या-चाळीसच्या दशकातल्या मोटारी हौसेने नव्याने बांधणारे कारागीर ते भंगारातून काढून वापरू लागले. भंगारातला साठा संपला तेव्हा छोट्या कारखान्यांनी तो भाग नव्याने बनवायला घेतला, आणि तो आजही ‘मस्टँग टू’ याच नावाने मागितला जातो.